कर्ज, कैद आणि कोरी पाटी

पेशवाईत कर्जवसुलीसाठी न्यायाधीशाच्या तोंडाकडे बघत बसण्याची फारशी गरज नसे. धनकोच्या हाती तगाद्याचा हक्क होता. इंग्रज कमिशनर एल्फिन्स्टनने 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याच्या पायऱ्या दिल्या आहेत. पहिली पायरी म्हणजे नुसती विनवणी. मग दारात माणूस बसवायचा आणि त्याचा खर्च ऋणकोनेच सोसायचा. मग त्याला जेवू द्यायचे नाही. आणि तरीही पैसे निघाले नाहीत तर डोक्यावर जड धोंडा देऊन भर उन्हात एका पायावर उभे करायचे. हे सगळे उघड्यावर, चारचौघांत चाले आणि सरकार त्यात पडत नसे.

दुसरा मार्ग धरण्याचा. धनको ऋणकोच्या दारात उपाशी बसे आणि त्याचे पाप ऋणकोच्या माथी लागे. आज धरणे म्हटले की आझाद मैदान आठवते, पण 1860 च्या भारतीय दंडसंहितेत धरण्याचा जुना अर्थ एका कलमात उदाहरण म्हणून नमूद होता: दैवी कोपाची भीती घालण्यासाठी दुसऱ्याच्या दारात बसणे हा गुन्हा. हे कलम 508. कायदे करणाऱ्या साहेबाला या प्रकाराची चांगलीच धास्ती असणार.

तगाद्यातून थोरही सुटले नाहीत. सावकारांच्या पाया पडून पडून कपाळाची कातडी गेली, असे पहिल्या बाजीरावाने आपल्या गुरूंना, धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना कळवले होते. हे स्वामी स्वतःही पेशव्यांचे धनको होते, ही त्यातली गंमत. मात्र बाजीरावाच्या डोक्यावर धोंडा कोणी दिल्याचे वाचनात नाही. कर्ज तेच आणि थकलेही तसेच, पण ऋणको कोण यावर शिक्षा ठरते. पुढच्या तीनशे वर्षांत कायदे बदलले, तुरुंग बदलले, शब्द बदलले. ही एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपला दिवाळखोरीचा कायदा इंग्लंडहून आला, म्हणून आधी तिकडे डोकावू. अठराव्या शतकातले इंग्लंड कर्जदाराला दयेने वागवत होते असा कोणाचा समज असेल तर तो सोडून द्यावा. 1705 साली तिथल्या पार्लमेंटने दुतोंडी कायदा केला. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याने सगळी मालमत्ता प्रामाणिकपणे धनकोंपुढे मांडली तर उरलेले कर्ज माफ. लपवली तर फाशी. लंडनच्या जॉन पेरट नावाच्या कापड व्यापाऱ्याने लपवली आणि 1761 च्या नोव्हेंबरात स्मिथफील्डला तो फासावर लटकला. तरीही या कायद्यात एक नवी कल्पना होती. दिवाळे निघणे हे पाप नसून धंद्याचा एक अपघात असू शकतो, हे राज्याने पहिल्यांदाच मान्य केले. जहाज बुडाले तर मालकाचा काय दोष?

पण ही माफी फक्त व्यापाऱ्यासाठी होती. व्यापारी नसलेल्याला इंग्लंडमध्ये ती 1861 पर्यंत मिळाली नाही. तो थेट तुरुंगात जाई आणि पैसे फिटेपर्यंत तिथेच राही. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सचे वडील नौदलाच्या पगार कचेरीत कारकून होते. 1824 साली एका पाववाल्याचे चाळीस पौंड थकले म्हणून त्यांना मार्शलसी तुरुंगात टाकले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूटपॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबले चिकटवायला जावे लागले. आत असलेला माणूस कमावणार कशाने आणि फेडणार काय, हा प्रश्न तेव्हाही लोक विचारत होतेच. पण कैदेचा खरा उपयोग वेगळा होता. ऋणकोकडे पैसे नसले तरी त्याच्या सासऱ्याकडे, भावाकडे असतात. माणूस आत अडकला की नातेवाईक पैसे काढतात. 1869 साली इंग्लंडने कर्जासाठी होणारी कैद बव्हंशी बंद केली.

हिंदुस्थानात नादारीचा कायदा प्रथम 1828 साली आला, मग 1848 साली सुधारून आला आणि तोही कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांपुरता. मुंबईच्या शेठला जी मोकळीक होती ती शिरूरच्या कुणब्याला नव्हती. जहाज बुडते हे कायद्याला कळत होते. पाऊसही बुडवतो, हे कळायला अजून अवकाश होता.

हा फरक 1865 ते 1875 या एकाच दशकात, एकाच इलाख्यात फार उघडपणे दिसतो.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला. बँका आणि समुद्र बुजवून जमीन करणाऱ्या भरणी कंपन्या रोज नव्या निघत होत्या. बॅक बेच्या भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर दहापट भावाने विकला जात होता. या सगळ्याच्या मध्यभागी होते बडे दलाल प्रेमचंद रायचंद. 1865 च्या एप्रिलमध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि जुलैच्या पहिल्या तारखेला, वायद्यांचे हिशेब पुरे करण्याच्या दिवशी, सगळा डोलारा कोसळला. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. दिनशा वाच्छांनी या काळावर एक पुस्तकच लिहिले आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की इतके बडे लोक एकदम बुडाले तेव्हा सरकारने त्याच वर्षी खास कायदा केला: धनकोंच्या संमतीने विश्वस्त नेमून मालमत्ता वाटून टाकायची. शहरातल्या अर्ध्या पेढ्या कोर्टात आणि तुरुंगात ओढणे कोणालाच परवडणारे नव्हते. प्रेमचंदांचे दिवाळे निघाले, पण नाव राहिले. पडझडीच्या आधी विद्यापीठाला दिलेल्या त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर 1878 साली पुरा झाला आणि आजही त्यांच्या आईचे नाव मिरवतो. त्याच सुमारास तरुण जमशेटजी टाटा लंडनमध्ये होते आणि वडिलांच्या पेढीचे कापसाचे कागद कवडीमोल झाले होते. त्यांनी धनकोंपुढे सगळा हिशेब इतका सरळ मांडला की धनकोंनी त्यांनाच महिना वीस पौंडांवर त्या पेढीचे लिक्विडेटर नेमले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

मला या गोष्टीत काही वावगे वाटत नाही. हेच व्हायला हवे होते. जमशेटजींना मार्शलसीत टाकले असते तर टाटांचा पुढचा इतिहास घडला नसता. प्रश्न एवढाच की हे शहाणपण बोरघाट चढून वर का गेले नाही.

कापसाचा भाव पडला तो घाटावरच्या शेतकऱ्यालाही लागला. पुणे जिल्ह्यात त्याच सुमारास सारावाढ झाली. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जखताला तीन वर्षांची मुदत घातली होती, ऋणकोचे रक्षण व्हावे या हेतूने. झाले उलटेच. दर दोन-तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलवी, व्याज मुद्दलात मिळवी आणि नवे खत लिहून घेई. अंगठा द्यायला नकार दिला तर फिर्याद. फिर्यादीची तारीख कुळाला कळेपर्यंत एकतर्फी हुकूमनामा झालेला असे. हुकूमनाम्यामागून जप्ती आणि कैदेचे वॉरंट. सावकाराला कुळाला प्रत्यक्ष तुरुंगात टाकायचे नसे, त्यात त्याचाच खर्च होई. वॉरंट खिशात ठेवून नव्या खतावर अंगठा घेणे हा त्याचा खरा उपयोग होता. इंग्लंडातल्या धनकोला जे उमगले होते ते शिरूरच्या सावकारालाही उमगले होते.

1874 च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यापोटी त्यांचे घर आणि जमीन घेतली. देशमुख घरंदाज. भाडे देतो, पण राहते घर सोडायला लावू नका, असे त्यांनी विनवले. सावकाराने ऐकले नाही आणि घर पाडायला सुरुवात केली. गावाने ठरवले की या सावकाराशी कोणी व्यवहार करायचा नाही, त्याचे पाणी भरायचे नाही, हजामत करायची नाही. हे लोण गावोगाव पसरले आणि 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे येथे, बाजाराच्या दिवशी, दंगा झाला.

या दंग्याचे वैशिष्ट्य सरकारच्या चौकशी आयोगालाही टिपावे लागले. लोकांनी सावकारांना फारसे मारले नाही. त्यांना हवी होती खते. दप्तरे बाहेर काढली, खते आणि हुकूमनामे चौकात जाळले आणि कागद मिळाले की बहुतेक ठिकाणी लोक घरी गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत मिळून साडेनऊशेच्या आसपास माणसे पकडली गेली आणि निम्म्याहून जास्त जणांना शिक्षा झाल्या. दिवाळखोरीच्या कायद्याने जे करायचे असते, म्हणजे जुने कागद रद्द करून माणसाला पुन्हा उभे राहू द्यायचे, ते या लोकांनी स्वतः काडी लावून केले. मुंबईकरांसाठी तेच काम सरकारने विश्वस्त नेमून दहा वर्षे आधी केले होते.

आयोगाचा अहवाल आला आणि 1879 साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे. माझ्या मते भारतीय कायद्यांच्या इतिहासातला हा फार धीट कायदा आहे आणि त्याची म्हणावी तेवढी आठवण आपण ठेवलेली नाही. त्याच्या 21 व्या कलमाने सांगितले की पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही. त्याची जमीन खास गहाण दिलेली नसेल तर तिची जप्ती नाही. खतावर आकडा काय आहे हे पाहून न्यायाधीशाने थांबायचे नाही. कर्ज मुळात किती घेतले, कधी घेतले, किती फेडले हे खणून काढायचे आणि व्याज मुद्दलात मिळवू द्यायचे नाही. गावोगाव निबंधक नेमले, जेणेकरून खत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेतला जाऊ नये. आणि पन्नास रुपयांवर कर्ज असलेल्या शेतकऱ्याला नादारीचा अर्ज करण्याची मुभा मिळाली. न्यायमूर्ती रानडे 1887 नंतर या कायद्याचे विशेष न्यायाधीश होते. या चार जिल्ह्यांतल्या कोर्टांची दफ्तरे तपासत ते वर्षानुवर्षे फिरत राहिले.

सावकारही गप्प बसला नाही. गहाणखताच्या मागचा इतिहास कोर्ट खणते ना? मग गहाणखत नकोच, सरळ खरेदीखत करून दे, पैसे फेडलेस की जमीन परत देईन, असे तोंडी सांगायचे. पुढे कायदा दुरुस्त करून खरेदीखतामागचा खरा व्यवहारही तपासण्याची सोय करावी लागली. हा डाव जुना झाला असे कोणाला वाटत असेल तर त्याने आजच्या कुठल्याही जिल्ह्याच्या उपनिबंधक कचेरीत अवैध सावकारीच्या तक्रारी चाळून पाहाव्यात. साठेखत, खरेदीखत, तोंडी बोली. 2014 साली महाराष्ट्राला पुन्हा सावकारी नियमनाचा कायदा करावा लागला आणि त्यातही सावकाराने अशा रीतीने बळकावलेली जमीन परत देण्याची तरतूद ठेवावी लागली.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बापाचे कर्ज मुलाने फेडायचे, ते पवित्र कर्तव्य, हा हिंदू कायद्याचा जुना नियम. मुंबई इलाख्यात तो इतका कडक होता की बापाने मागे काहीही ठेवले नसले तरी मुलगा बांधलेला. 1866 साली मुंबई सरकारने कायदा करून मुलाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती केली. त्याच कायद्यात आणखी एक बारीक तरतूद आहे: विधवेशी लग्न करणाऱ्याला तिच्या पहिल्या नवऱ्याच्या कर्जासाठी जबाबदार धरू नये. म्हणजे तोवर धरत असणार. वडिलांच्या कर्जाचे ‘पवित्र कर्तव्य’ कायद्यातून पुरते गेले ते 2005 साली, हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने मुलींना समान वाटा दिला, म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. कर्जाचे कोणाच्या लक्षात नाही.

दिवाणी तुरुंग मात्र आजही कायद्यात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे हुकूमनामा पाच हजारांवर असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तपशील वाचण्यासारखे आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बेलिफाने घरात शिरायचे नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक नाही. कैद्याच्या जेवणाचा भत्ता धनकोने भरायचा. तो थांबला की कैदी मोकळा. आणि कैद भोगली म्हणून कर्ज फिटत नाही. जप्तीतून काय वगळायचे त्याची यादी कलम 60 मध्ये आहे: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल आणि बियाणे. माणसाला पुन्हा उभे राहायला किमान काय लागते याची ही सरकारी यादी.

1936 साली संहितेत दुरुस्ती होऊन कैदेवर बंधन आले: ऐपत असून देत नसेल, मालमत्ता लपवत असेल किंवा पळून जाण्याच्या बेतात असेल, तरच कैद. तरी कोर्टे सवयीने वॉरंट काढत राहिली. 1980 साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितले की निव्वळ पैसे न देणे हा अपराध नव्हे. गरिबीसाठी माणसाला कोंडणे हे घटनेच्या 21 व्या कलमाशी विसंगत आहे, कैदेसाठी बदनियत दिसली पाहिजे. याच कृष्ण अय्यरांनी त्याआधी 1977 साली महाराष्ट्राचा कर्जमुक्ती कायदाही उचलून धरला होता. आणीबाणीतल्या त्या कायद्याने छोटे शेतकरी, ग्रामीण कारागीर आणि मजूर यांची सावकारी कर्जे रद्द केली, गहाण वस्तू परत करायला लावल्या. सावकार दिल्लीपर्यंत गेले आणि हरले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण पुढच्या दारातून गेलेला तुरुंग मागच्या दाराने परत आला. 1988 साली संसदेने चेक न वटणे हा फौजदारी गुन्हा केला, तो 1989 पासून लागू झाला. आधी एक वर्षाची कैद होती, 2002 च्या दुरुस्तीने ती दोन वर्षे झाली. धंद्यातल्या चेकवर विश्वास बसावा हा हेतू चांगलाच होता. प्रत्यक्षात काय झाले ते बाजारात कोणालाही विचारा. पतपेढी असो, हप्त्यावर दुचाकी देणारी कंपनी असो की गल्लीतला खासगी सावकार, कर्ज देतानाच सही केलेले कोरे चेक घेऊन ठेवायचे. हप्ता थकला की आकडा भरायचा, बँकेत टाकायचा, नोटीस पाठवायची. मग समन्स, जामीनपात्र वॉरंट, पुढे अजामीनपात्र. या गुन्ह्याचे कलम 138 आज पानटपरीवरही पाठ आहे. शिरूरच्या सावकाराच्या खिशातले वॉरंट आणि आजचा कोरा चेक यांत मला तरी फरक दिसत नाही. कृष्ण अय्यरांचा निकाल दिवाणी कैदेविषयी होता. इथे कैद कर्जासाठी नसून खोट्या चेकसाठी आहे, असे म्हणून कायदा हात झटकतो.

कंपन्यांची कथा याच्या नेमकी उलट दिशेने जाते. 1985 च्या आजारी उद्योग कायद्याने बुडणाऱ्या कंपनीला धनकोंपासून संरक्षण दिले. गिरणगावाने त्याचा अर्थ जवळून पाहिला. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी ‘आजारी’ म्हणून या कायद्याखालच्या मंडळाच्या, बीआयएफआरच्या, दारात गेली, वसुलीचे दावे थांबले, जमिनी विकायची परवानगी मिळाली आणि कामगार थकलेल्या पगाराच्या, ग्रॅच्युइटीच्या पावत्या घेऊन वर्षानुवर्षे फिरत राहिले. इथे ऋणको मालक होता आणि धनको कामगार. दया मालकाकडे गेली.

2016 चा नादारी व दिवाळखोरी कायदा हे सारे बदलण्यासाठी आला. कंपनी थकली की मालकाच्या हातातून काढायची, धनकोंच्या समितीकडे द्यायची आणि मुदतीत विकायची. 2017 च्या नोव्हेंबरात कलम 29अ घातले: ज्याने बुडवली त्याने दुसऱ्या दाराने येऊन ती स्वस्तात परत घ्यायची नाही. या कायद्याने चांगले काम केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एस्सार स्टीलसाठी आर्सेलर मित्तलने 42 हजार कोटी मोजले. मालकाच्या मनात कंपनी जाण्याची भीती पहिल्यांदाच बसली.

पण दुसरी बाजूही मुंबईतच पाहायला मिळते. औरंगाबादेत, आता छत्रपती संभाजीनगरात, बनलेल्या ज्या व्हिडिओकॉनच्या टीव्हीवर एका पिढीने रामायण पाहिले, त्या कंपन्यांवर धनकोंचे मान्य दावे सुमारे 65 हजार कोटींचे होते. बोली मंजूर झाली ती तीन हजार कोटींपेक्षाही कमी रकमेची. 2021 च्या जूनमध्ये ती मंजूर करताना राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठालाही लिहावे लागले की बोलीदार जवळजवळ काहीच देत नाही. धनकोंच्या तोट्याला बँकवाले ‘हेअरकट’ म्हणतात. इथे तो 95 टक्क्यांच्या वर होता. पुढे अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली, पण धनकोंच्या समितीने ती आधी बहुमताने पास केली होती हे विसरून चालणार नाही. जेट एअरवेजची विमाने 2019 च्या एप्रिलमध्ये थांबली, पाच वर्षे पुनरुज्जीवनाच्या योजनेत गेली आणि 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. तोवर कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पैशांना किती वर्षे झाली, ते मोजावे. 2023 च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने मुद्दाम कर्ज बुडवणाऱ्यांशीही तडजोड करण्याची बँकांना मुभा दिली, तेव्हा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना चिडल्या त्या उगाच नव्हे.

आणि शेतकरी? त्याच्यासाठी कर्जमाफी आहे. 2008 ची केंद्राची, 2017 ची छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाची, 2019 ची महात्मा फुल्यांच्या नावाची. प्रत्येक वेळी तारखांची अट, रकमेची मर्यादा, आधार, यादीत नाव आहे की नाही हे पाहायला सेवा सोसायटीपुढे रांग. सावकाराचे कर्ज या माफीत धरत नाहीत. आणि जो नियमाने फेडतो त्याचे हसे होते. कर्जमाफी म्हणजे दिवाळखोरीच्या कायद्याचीच आवृत्ती आहे, पण हक्क काढून घेतलेली. कंपनी अर्ज करते, शेतकरी निवडणुकीची वाट पाहतो. जोतिरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा कोर्ट, कारकून आणि सावकार यांच्या त्रांगड्यावर कोरडे ओढले होते. त्यांच्याच नावाच्या योजनेच्या यादीत आपले नाव आहे की नाही हे पाहायला शेतकऱ्याला रांग लावावी लागली.

गंमत म्हणजे 2016 च्या कायद्यात गरीब माणसासाठी एक प्रकरण खरोखर आहे. कलम 80 ते 93. ज्याचे वर्षाचे उत्पन्न साठ हजारांपेक्षा जास्त नाही, मालमत्ता वीस हजारांपेक्षा जास्त नाही, पात्र कर्जे पस्तीस हजारांपेक्षा जास्त नाहीत आणि स्वतःचे घर नाही, त्याने अर्ज करायचा आणि चौकशीनंतर त्याची कर्जे माफ व्हायची. बचत गटाचे हप्ते, मायक्रोफायनान्सच्या वसुलीचा शनिवार, मोबाईल ॲपचे धमकीचे फोन यांत अडकलेल्या बाईसाठीच जणू ते लिहिले आहे. आकडे आता हास्यास्पद झाले आहेत, ते वाढवावे लागतील. पण आधी ते लागू करावे लागेल. कंपन्यांचा भाग 2016 च्या डिसेंबरात लागू झाला. कंपन्यांच्या जामीनदारांचा 2019 च्या डिसेंबरात. साध्या माणसाचा भाग लागूच झालेला नाही. त्याला आजही 1909 आणि 1920 चे इंग्रजांच्या काळातले नादारी कायदे आहेत, आणि घोषित नादार झाला तर तो आमदार-खासदार होऊ शकत नाही हे घटनेत आहे. कंपनी बुडवणाऱ्या संचालकाला ही अडचण येत नाही, कारण नादार कंपनी होते, तो नव्हे.

वाचकांना माझी एकच विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात येणारा उमेदवार कर्जमाफीचा आकडा सांगेल, तेव्हा त्याला या कलम 80 बद्दल विचारा. हा लेख छापायला जाईपर्यंत ते लागू झालेले नाही.